खोक्यातली पुस्तिका आणि वाळूखालचा दगड

व्हिडिओ गेम आणि इतिहास हे दोन शब्द एका दमात उच्चारले, की आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते. मुलांचा वेळ खाणारी, डोळे बिघडवणारी वस्तू. तिला कसला आलाय इतिहास? मी खेळणारा माणूस नव्हे. माझा भाचा खेळतो, आणि खेळाबरोबर आलेलं जे काही छापील असेल ते मी वाचतो. अशी आमची वाटणी आहे. या वाचनातून जे हाती लागलं, त्याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

डावपेचांचे खेळ तसे जुनेच. बुद्धिबळ घ्या. काळा राजा पांढऱ्या राजाशी का लढतो, त्यांचं मूळ भांडण काय, हे आजवर कोणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही पडली नाही. पण भांडण अंतराळात नेलं, दोन्हीकडे अनोळखी ग्रह आणि अनोळखी लोक आले, की प्रश्न पडायला लागतात. हे लोक कोण? इथे कसे आले? एवढी जहाजं बांधून एकमेकांच्या जिवावर का उठलेत? विज्ञानकथेच्या खेळाला पूर्वेतिहास लागतो तो यामुळे.

हा पूर्वेतिहास खेळाच्या बाहेर, कागदावर का गेला, याचं कारण मात्र अगदी व्यवहारातलं होतं. यंत्रात जागा नव्हती. १९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन तरुणांनी ‘एलिट’ नावाचा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ केला. ज्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी तो केला, त्याची स्मृती होती फक्त ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा ‘सुप्रभात’चा फोटोसुद्धा त्याहून जड असतो! तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. गोष्टीला जागा उरलीच नाही. मग खोक्यात एक छोटी कादंबरीच घातली, रॉबर्ट होल्डस्टॉक या लेखकाची ‘द डार्क व्हील’. तिच्यात राक्सला नावाच्या एका गूढ जागेचा उल्लेख आहे. खेळात ती कुठे सापडत नाही, पण चाळीस वर्षांनंतरही लोक तिचा शोध घेतात. पुस्तिका छापण्याला आणखी एक व्यावहारिक कारण होतं. तबकडीची नक्कल सहज होई, जाड पुस्तिकेची होत नसे. त्यामुळे काही खेळ सुरू होतानाच विचारत, अमुक पानावरचा अमुक शब्द सांगा. म्हणजे चोरी रोखण्यासाठी का होईना, वाचन सक्तीचं झालं होतं.

तर असे हे खोक्यातले इतिहास. पुष्कळसे सुमारच. कुठलं तरी साम्राज्य, कुठलं तरी बंड, मोठमोठी नावं आणि मोठमोठे आकडे. पण १९९९ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातल्या ‘रेलिक’ या नव्या कंपनीने ‘होमवर्ल्ड’ नावाचा खेळ काढला. त्याच्या खोक्यातल्या पुस्तिकेतला पूर्वेतिहास लिहिला होता अरिन डेंबो यांनी. ही पुस्तिका मी तीनदा वाचली आहे, आणि इतिहास कसा लिहिला जातो याचा एवढा चांगला धडा मला बीएच्या क्रमिक पुस्तकांतही मिळाला नव्हता.

आधी खेळ सांगतो. खराक नावाचा एक ग्रह आहे. सगळीकडे वाळवंट, जगायला जेमतेम बरी जागा फक्त ध्रुवांकडे. तिथले लोक कुळाकुळांत विभागलेले. कुळाला ते ‘कीथ’ म्हणतात. त्यांच्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट कधीपासून टोचत असते. आपली शरीरं या ग्रहावरच्या इतर बहुतेक सजीवांशी जुळत नाहीत, म्हणजे आपण मूळचे इथले नसावेत. मग एका उपग्रहाला मोठ्या वाळवंटात वाळूखाली काहीतरी दिसतं. मोहीम जाते. खणल्यावर निघतं एक प्राचीन अंतराळजहाज. त्याच्या पोटात एक दगड, दगडावर आकाशगंगेचा नकाशा, आणि एकच शब्द: ‘हीगारा’. अर्थ, आपलं घर.

भांडणारी कुळं त्या शब्दाने एकत्र येतात. साठ वर्षं खपून एक प्रचंड जहाज बांधतात. कारान सजेत नावाची शास्त्रज्ञ स्वतःचा देह त्या जहाजाच्या यंत्रणेला जोडून घेते आणि जहाजाचा मेंदू होते. पहिली चाचणी म्हणून जहाज आपल्याच सूर्यमालेच्या कडेपर्यंत उडी मारून येतं. परत येऊन पाहतात तर खराक जळतो आहे. सगळा ग्रह. कारानचा आवाज ही बातमी देतो, तीही कोरड्या, अधिकृत शब्दांत. मागे सॅम्युएल बार्बर या अमेरिकन संगीतकाराची १९३६ सालची ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ ही रचना वाजते, वाद्यांवर नव्हे, समूहाच्या गळ्यातून. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाने कबूल करायला हवं, की काही वेळा नुसता आवाज चित्रापेक्षा जास्त करतो.

ग्रहाभोवती गोठवलेल्या निद्रिस्त प्रवाशांचे सहा कप्पे फिरत असतात. ते वाचवायचे. वाचले तेवढेच आता आपले लोक. आणि इथून पुढचा सगळा खेळ म्हणजे घराकडची वाट. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी, की या खेळात एका लढाईत वाचलेली जहाजं पुढच्या लढाईत सोबत येतात, बुडालेली येत नाहीत. तेव्हाच्या बहुतेक खेळांत प्रत्येक डाव नव्या सोंगट्यांनी सुरू होई. इथे मेलेला मेलेला राहतो. भाचा एखादं जहाज वाचवायला अर्धा अर्धा तास झगडताना मी पाहिलं आहे.

खराक का जाळला? जाळणाऱ्यांचं एक जहाज पकडून त्याच्या कप्तानाला बोलतं केलं जातं. तो सांगतो, की चार हजार वर्षांपूर्वीच्या तहानुसार या लोकांना अंतराळात उडी मारणारं यंत्र पुन्हा वापरायला बंदी होती. बंदी मोडली, शिक्षा झाली. या माहितीबरोबर अगदी अर्ध्या वाक्यात आणखी एक माहिती येते. चौकशीत कैदी वाचला नाही. पुढे त्याचा उल्लेख नाही. आपल्या बाजूचा क्रूरपणा अधिकृत अहवालात किती जागा घेतो, तर एवढीच.

आता पुस्तिकेकडे वळू. ती खराकच्या अधिकाऱ्यांनी मोहिमेसाठी तयार केलेल्या टिपणासारखी लिहिली आहे. शांत, समंजस, थोडी आत्मसंतुष्ट भाषा. अमुक कूळ सैनिकांचं, अमुक कूळ पुरोहितांचं, पुढे ते खाणीत उतरलं, अमुक कुळाने डोंगर ओलांडून स्थलांतर केलं, वगैरे. आपल्याकडच्या जिल्हा गॅझेटिअरांची आठवण व्हावी असा थाट. त्यातच पाखंडाच्या युद्धांचं एक प्रकरण येतं. दोन कुळं धर्मावरून लढतात, गालसीन आणि सीदिम. सीदिमांचा दावा, आम्ही इतरांहून वेगळे आणि श्रेष्ठ. गालसीनांचं म्हणणं निराळं होतं. आपण सगळेच एका चांगल्या जगातून हाकलले गेलेलो आहोत. साजूक नावाच्या देवाने आपल्या उद्दामपणाची शिक्षा म्हणून या वाळवंटात टाकलं आहे. (देवाचं नाव ऐकून भाचा हसला होता, घरात तूप कढत होतं.) शिक्षा मुकाट्याने भोगा. डोकं वर काढलंत, पुन्हा मर्यादा ओलांडलीत, तर देव सगळ्यांचा नाश करील.

गालसीन हे काही गरीब बिचारे नव्हते. त्यांनी रक्तपात केला. पिढ्यान् पिढ्या चाललेली ही युद्धं शेवटी नाबाल नावाच्या तिसऱ्याच कुळाने थांबवली, कारण त्याच्याकडे नवी शस्त्रं होती. मग शहाणपणाचं, विज्ञानाचं युग आलं. गालसीन वाळवंटात पांगले आणि पुस्तिकेत धर्मवेडे म्हणून जमा झाले. वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो. मीही पहिल्यांदा उलटलं होतं.

दुसऱ्यांदा मी पुस्तिका वाचली ती खराक जळताना पाहिल्यानंतर. आणि तेव्हा अंगावर काटा आला. गालसीन म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं! हाकलले गेलो होतो, हे खरं. शिक्षा होती, खरं. मर्यादा ओलांडली तर नाश होईल, तेही खरं. फक्त नाश करणारा देव नव्हता, शेजारचं साम्राज्य होतं, आणि मर्यादा म्हणजे तहातलं एक कलम होतं. चार हजार वर्षांत कागद गेला, भाषा गेली, तारखा गेल्या. राहिली ती भीती. ज्यांनी ती सांभाळली त्यांना तिचं कारण ठाऊक नव्हतं आणि ज्यांनी कारणं शोधायची विद्या कमावली त्यांनी ती भीती अडगळीत टाकली. संपूर्ण ग्रहावर तहाची आठवण शिल्लक होती ती फक्त पाखंड्यांकडे, प्रार्थनेच्या रूपात.

हे कुठेही सांगितलेलं नाही. पुस्तिकेत नाही, खेळात नाही. दोन्ही बाजूबाजूला ठेवली की दिसतं. लपवलेला इतिहास म्हणतात तो मला असा आवडतो. कुलूप नाही, किल्ली नाही, सगळं उघड्यावर पडलेलं. फक्त ते सांगणाऱ्याचा सूर असा, की आपण दुर्लक्ष करावं.

आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घालत, म्हसोबा आणि बोल्हाईसारख्या शेंदूर फासलेल्या दैवतांच्या जागा पाहत आणि त्यांतून जुन्या वाटा, जुन्या वस्त्या, माणसांचे जुने व्यवहार वाचत. १९६२ सालच्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये ते सगळं आहे. पुजाऱ्याला विचारलं तर तो व्यापारी मार्गाचं नाव घेणार नाही. तो म्हणेल, देवी इथे आली आणि इथेच राहिली. दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. खराकवर कोणी कोसंबी झाला नाही, एवढंच.

नावांबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला राहवत नाही. कवीला शब्दाची खोड असते. या खेळातल्या निर्वासितांचं नाव आहे ‘कुशान’. आपण शाळेत शिकलेला कनिष्काचा वंश! साजूक ऐकताना सेल्जुक तुर्क आठवतात. वाळूखालच्या त्या जहाजाला लोक खार-तोबा म्हणतात, आणि तोबा म्हटलं की माझ्या घरात कान पकडले जातात. आणि हीगारा? मला ते प्रत्येक वेळी ‘हिजरा’ ऐकू येतं. हिजरा म्हणजे हिजरत, देशत्याग. आमचं वर्ष जिथून मोजलं जातं तो मक्का सोडून मदिनेला जाण्याचा प्रसंग. हा माझ्या कानाचा खेळ आहे, मी त्यावर प्रबंध उभारणार नाही. पण घर सोडण्याला असलेला शब्द आणि घराला असलेला शब्द इतके जवळ यावेत, यात मला गंमत वाटते.

वाळवंटी विज्ञानकथेत अरबी नाद येण्याची वाट मात्र स्पष्ट दिसते. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’ कादंबरीत महदी, जिहाद हे शब्द सरळ सरळ आहेत; नायकाला मिळालेलं नाव ‘मुअद्दिब’ म्हणजे अदब शिकवणारा, शिक्षक. त्या कादंबरीवरून १९९२ साली ‘वेस्टवूड’ या कंपनीने ‘ड्यून टू’ हा खेळ केला. तळ उभारा, साधनं गोळा करा, सैन्य तयार करा आणि हे सगळं घड्याळ चालू असताना करा, ही पुढच्या अनेक खेळांनी उचललेली रीत त्यानेच रुळवली. त्यातल्या तीन घराण्यांपैकी ‘ऑर्डोस’ हे घराणं हर्बर्टच्या कादंबऱ्यांत नाहीच. ते ड्यूनच्या जगावर दुसऱ्यांनी लिहिलेल्या एका कोशातून उचललं आहे. म्हणजे तळटीप उठली आणि गादीवर बसली.

१९९९ सालीच आणखी एक खेळ आला, ‘अल्फा सेंटॉरी’. ब्रायन रेनॉल्ड्स यांनी रचलेला. पृथ्वी मोडकळीला आली असताना संयुक्त राष्ट्रसंघ एक जहाज दुसऱ्या ताऱ्याकडे पाठवतो, वाटेत कप्तानाचा खून होतो, आणि माणसं सात गटांत फुटून नव्या ग्रहावर उतरतात. एका गटाचा प्रमुख भारतीय आहे, प्रवीण लाल नावाचा शल्यविशारद. मानवी हक्क आणि माहितीचं स्वातंत्र्य हा त्याचा ध्यास. इथे गोष्ट सांगण्याची तऱ्हा वेगळी. खेळणाऱ्याने नवा शोध लावला, की कोणाच्या तरी पुस्तकातला एक उतारा ऐकू येतो. कधी प्लेटो, कधी नीत्शे, पण बहुतेकदा या सात प्रमुखांनी लिहिलेली, कधीच अस्तित्वात नसलेली पुस्तकं. चाळीस-पन्नास उतारे ऐकल्यावर ध्यानात येतं, की एक अख्खं ग्रंथालय आपल्या डोक्यात उभं राहिलं आहे आणि त्यातलं एकही पुस्तक कोणी लिहिलेलं नाही. मला बगदादचा इब्न अन्-नदीम आठवला. या पुस्तकविक्याने इ.स. ९८७च्या सुमारास आपल्या काळी माहीत असलेल्या अरबी ग्रंथांची यादी केली, ‘अल्-फिहरिस्त’. त्यातले बहुतेक ग्रंथ पुढे नष्ट झाले. पुष्कळांचं आज नावच उरलं आहे. तिथे पुस्तकं होती आणि गेली, इथे ती नव्हतीच. वाचणाऱ्याच्या मनाला मात्र दोन्हीकडे सारखंच काम करावं लागतं.

पुढे तबकड्या गेल्या, खोकी गेली, खेळ तारेवरून घरी यायला लागले आणि छापील पुस्तिका जवळजवळ संपली. इतिहास खेळाच्या आत आला. २०१६ सालच्या ‘स्टेलारिस’मध्ये नामशेष झालेल्या संस्कृतींचे धागेदोरे ताऱ्याताऱ्यांवर विखुरलेले असतात. त्यातली एक संस्कृती तर हे विश्व म्हणजे नुसता आभास आहे अशी खात्री पटून सामुदायिक आत्महत्या करून संपलेली. २०१९पासून रीतसर उत्खननंही आहेत, टप्प्याटप्प्याने अहवाल हाती येतात. लेखन चांगलं आहे. पण प्रत्येक अहवालाच्या शेवटी बहुधा काहीतरी बक्षीस मिळतं, एखादी वस्तू किंवा संशोधनाला गती. मग खेळणारा अहवाल वाचतो की बक्षीस पाहतो? भाचा बक्षीस पाहतो. मी त्याला दोष देत नाही. ‘होमवर्ल्ड’ची पुस्तिका वाचून काहीही मिळत नव्हतं. न वाचताही खेळ जिंकता येत होता. माझ्या मते तिची किंमत त्यातच होती.

‘होमवर्ल्ड’मध्ये अजून एक सोय होती, बऱ्याच जणांच्या लक्षात न आलेली. खेळ सुरू करताना विचारलं जातं, कुशान व्हायचं की ताईदान? ताईदान म्हणजे जाळणारे. आपण ताईदान निवडले तर गोष्ट तीच राहते, शब्द न् शब्द. फक्त जळणारे ते होतात आणि जाळणारे कुशान. ही सोय बहुधा विविधतेसाठी असेल. पण मी भाच्याला दोन्ही बाजूंनी तो प्रसंग खेळायला लावला. तेच गाणं, तोच ग्रह, तीच वाक्यं. जहाजांचे आकार तेवढे वेगळे.

आणि मग २००३ साली दुसरा भाग आला, त्याच्याही सोबत पुस्तिका होती. तिच्यात चार हजार वर्षांपूर्वीचं मूळ भांडण पहिल्यांदा सांगितलं गेलं. हीगाराचे लोक एके काळी स्वतःच साम्राज्य होते. त्यांना उडी मारण्याचं एक प्राचीन, अतिप्रबळ यंत्र सापडलं, ते त्यांनी लपवून ठेवलं आणि त्याच्या जोरावर ताईदानांच्या राजधानीवर घाला घातला. नंतर पारडं फिरलं, हीगारा पडला, उरलेल्यांना देशोधडीला लावलं गेलं. म्हणजे गालसीनांचं उरलेलं वाक्यही खरं ठरलं. शिक्षा उद्दामपणाची होती. ग्रह जाळणं यामुळे क्षम्य होत नाही. झोपेत असलेल्या पोराबाळांनी चार हजार वर्षांपूर्वी कोणाची राजधानी जाळली नव्हती. पण पहिल्या खेळात जे निव्वळ बळी वाटले होते, त्यांच्या हातालाही जुनं रक्त होतं, आणि हे जपून लक्षात ठेवणारे लोक त्यांच्यातच होते. त्यांना त्यांनी वाळवंटात हाकललं होतं.

मी मराठीत लिहिणारा मुसलमान कवी आहे. माझ्याकडे इतिहास पुष्कळदा दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाच्या रूपात येतो: तुम्ही कोणाच्या बाजूचे? त्यामुळे असेल कदाचित, पण एखाद्या ग्रंथात कोणाला एका शब्दात धर्मवेडे, लुटारू किंवा पाखंडी म्हणून निकालात काढलेलं दिसलं, की मी आता तिथे खूण करून ठेवतो. ते निर्दोष असतील असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे काय ठेवलेलं होतं, एवढं पाहायचं असतं.

२०१६ साली या मालिकेत ‘डेझर्ट्स ऑफ खराक’ आला, मूळ कलाकारांपैकी काही जणांनी व्हँकूव्हरमध्येच काढलेल्या नव्या कंपनीचा. काळ, पहिल्या खेळाच्या शंभरेक वर्षं आधीचा. रेचल सजेत ही शास्त्रज्ञ तुकडी घेऊन वाळवंटात त्या पुरलेल्या जहाजाकडे निघते आणि तिची वाट अडवून उभे असतात गालसीन. आता ते तळटिपेत नाहीत, समोर रणगाडे घेऊन आहेत. परत फिरा म्हणतात, देव रागावेल म्हणतात. खेळणाऱ्याने त्यांना हरवायचं असतं. दुसरा पर्यायच खेळात ठेवलेला नाही. आणि ज्याने १९९९चा खेळ खेळलेला असतो, त्याला ठाऊक असतं की हे लोक बरोबर बोलतायत.

भाच्याने त्यांना हरवलं. तेरा मोहिमा, दोन रविवार. शेवटी तुकडी त्या जहाजाच्या पोटात शिरते.